खासदाराला काय विचारायचं, आमदाराला काय? महाराष्ट्राच्या जन्माची चर्चा आणि आपण

मागच्या महिन्यातली गोष्ट. श्रीगोंद्यातले एक पालक माझ्याकडे आले. मुलगा सहावीत. "सर, अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय," म्हणाले. मी सांगितलं, "भाई, पहिली ते आठवीची ती शिष्यवृत्ती २०२२ मध्येच बंद झाली." त्यांचा चेहरा उतरला. त्यासाठी दोन दिवस मजुरी बुडवून ते कुठं कुठं फिरले होते. आमदारांकडे जा, पंचायत समितीत विचारा, असं ज्याला जे वाटलं ते त्याने सांगितलं. खरं तर योजना केंद्राची होती आणि बंदही दिल्लीतूनच झाली. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहेच, असं कारण सरकारने दिलं. म्हणजे जाब विचारायचा तो संसदेत, आणि तोही आपल्या खासदाराने.

कोणतं काम कोणाचं, हे आपल्या संविधानात लिहून ठेवलेलं आहे. सातव्या परिशिष्टात तीन सूची आहेत. संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे हे संघसूचीत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन हे राज्यसूचीत. तिसरी समवर्ती सूची, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात असे विषय. शिक्षण पूर्वी राज्याकडे होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं. वक्फही याच सूचीत येतं. म्हणूनच वक्फ दुरुस्ती कायद्यावर एप्रिल २०२५ मध्ये संसदेत रात्री उशिरापर्यंत चर्चा आणि मतदान झालं.

मग निव्वळ राज्याचा विषय संसदेत येतच नाही का? प्रश्नोत्तराच्या तासात सहसा नाही. जो विषय मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतला नाही, त्यावरचा प्रश्न स्वीकारला जात नाही. पण काही वेळा अख्खं राज्यच संसदेपुढे येतं. आपला महाराष्ट्र असाच जन्मला.

संविधानाच्या कलम ३ नुसार नवं राज्य करणं, सीमा बदलणं, राज्याचं नाव बदलणं हा अधिकार संसदेचा. राष्ट्रपती त्या विधानसभेचं मत मागवतात, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. साधं बहुमत पुरतं. जिल्ह्याची गोष्ट वेगळी. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. त्यासाठी केंद्राची ना-हरकत लागली, पण लोकसभेत मतदान झालं नाही.

१९५३ मध्ये न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ च्या अहवालात मराठी आणि गुजराती भाषकांचं एकच मुंबई राज्य आणि विदर्भ वेगळा, असं सुचवलं होतं. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि लोक रस्त्यावर उतरले. गोळीबारात माणसं गेली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता झाला, हा त्यांचा आक्षेप होता. अखेर संसदेने द्विभाषिक मुंबई राज्याचा मार्ग काढला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ते अस्तित्वात आलं. मराठवाडा आणि विदर्भही त्यात आले.

लोकांचं समाधान झालं नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख डफ घेऊन गावोगाव गेले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या उमेदवारांना पश्चिम महाराष्ट्रात मोठं यश मिळालं. दिल्लीला पुन्हा विचार करावा लागला. संसदेनेच १९६० मध्ये मुंबई पुनर्रचना कायदा केला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. संसद तीच, राज्य तेच, चार वर्षांत निर्णय मात्र उलटा. मधल्या काळात बदललं ते एवढंच की लोकांनी आपलं म्हणणं मतपेटीतून सांगितलं.

दुसरी वेळ येते राष्ट्रपती राजवटीत. तेव्हा राज्याचा अर्थसंकल्पसुद्धा संसद मंजूर करू शकते. २०२५ मध्ये मणिपूरचा असाच झाला. जम्मू-काश्मीरचं उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथली विधानसभा विसर्जित होती. तिचं मत संसदेनेच दिलं आणि राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले.

बाहेरही असंच काही आहे. स्कॉटलंडला १९९९ पासून एडिंबरोमध्ये स्वतःची संसद आहे. शाळा, दवाखाने तिच्याकडे, संरक्षण लंडनकडे. हमजा यूसुफ २०२३-२४ मध्ये तिथले सरकारप्रमुख होते. पण त्या संसदेचे अधिकार लंडनच्या एका कायद्याने दिलेले आहेत. आपल्या राज्यांचे अधिकार संविधानात आहेत. त्या सूची बदलायच्या तर संसदेत विशेष बहुमत आणि किमान निम्म्या विधानसभांची संमती लागते. राज्याची सीमा मात्र साध्या बहुमताने बदलते. हा फरक मुलांना जरूर समजावून सांगा.

आता आपल्या घरची गोष्ट. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक कमी आहेत, मौलाना आझाद महामंडळाचं कर्ज अडलंय, मुस्लिम आरक्षणाचा अध्यादेश २०१४ नंतर पुढे का सरकला नाही, हे प्रश्न राज्याचे, आमदारांना विचारा. केंद्राच्या शिष्यवृत्त्या, वक्फ कायदा, रेल्वे यासाठी खासदारांकडे जा. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. खासदाराने कोणता प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतं.

त्या पालकांचा अर्ज आम्ही माझ्या ओट्यावर बसूनच लिहिला, खासदारांच्या नावे. खाली मोहल्ल्यातल्या आणखी काही पालकांनी सह्या केल्या. शिष्यवृत्ती परत सुरू होईलच, असं मी त्यांना म्हटलं नाही. पण या वेळी कागद योग्य दारात गेला.