‘इनेव्हिटेब्ली’ : अर्थ आणि मराठी प्रयोग

‘इनेव्हिटेब्ली’ या इंग्रजी क्रियाविशेषणासाठी मराठीत ‘अपरिहार्यपणे’, ‘अटळपणे’, ‘अनिवार्यपणे’ हे प्रतिशब्द सामान्यतः योजले जातात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांत वावगे काही नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘टाळणे’ असा असून, परिहार, निवारण व टाळणे यांचा निषेध या तिन्ही शब्दांत आहेच. परंतु व्युत्पत्ती जुळली म्हणजे प्रयोगही जुळतो, असे नव्हे.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा विस्तारला. कारखान्यातील वैधानिक सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही असाव्यात, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने विहित केले होते. अशा भागात भाषांतरातील अर्थभेदाला व्यावहारिक महत्त्व येते.

प्रस्तुत क्रियाविशेषणाचे दोन अर्थ संभवतात. पहिला, कारण घडताच कार्य चुकत नाही, हा. दुसरा, नेहमीच्या अनुभवावरून अमुक घडणार हे ठाऊकच असते, हा. ‘पावसात चाकणच्या चौकात वाहने हटकून तुंबतात’ या वाक्यात दुसरा अर्थ आहे. तेथे ‘अपरिहार्यपणे’ घातल्यास केवळ अनुभवाला नियमाचे रूप येईल.

पहिल्या अर्थाच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘अनिवार्य’ हा शब्द आता मुख्यतः सक्तीचा वाचक झाला आहे. ‘हेल्मेट अनिवार्य’ ही पाटी सर्वपरिचित आहे. म्हणून ‘झीज अनिवार्य आहे’ हे वाक्य विपरीत ठरते. ‘बेअरिंगची झीज अपरिहार्य आहे’ असे लिहिले तर सक्तीचा भास जातो, पण त्याबरोबर अटही जाते. आणि मग देखभाल व्यर्थ आहे असा अर्थ निघतो. मूळ इंग्रजी सूचनेत मात्र वंगणाच्या अभावी होणारी झीज अभिप्रेत असते.

मराठीचा स्वाभाविक मार्ग क्रियापदातून जातो: ‘वंगण न मिळाल्यास बेअरिंग झिजल्याशिवाय राहणार नाही’ किंवा ‘झिजणारच’. पहिल्या रचनेतील दुहेरी निषेध आणि दुसरीतील ‘च’ हे अव्यय अटळपणा व्यक्त करतात, आणि अटही वाक्यात शाबूत राहते. तात्पर्य, येथे शब्दास शब्द शोधण्यापेक्षा रचनेस रचना शोधणे अधिक युक्त होय. तसे न केल्यास सावधगिरीची सूचना दैववादाचे विधान होऊन बसते.