मत्रहचं दुकान, मुंढव्याची भट्टी

1966 साली ओमानमधल्या मत्रहच्या बाजारात खिळे घ्यायचे असोत की मासेमारीचं जाळं, मोजावे लागत ते रुपयेच. भारताच्या रिझर्व्ह बँकेने 1959 पासून हा रुपया खास आखातासाठी वेगळ्या रंगात छापला होता. कुवेत, बहारीन, कतार यांनी तो एकामागून एक सोडला. ओमानात मात्र तो 1970 पर्यंत चालला. याच बाजारात 1965 मध्ये सूर गावच्या सौद आणि सुहैल बहवान या भावांनी बांधकामाच्या सामानाचं आणि जाळ्यांचं छोटं दुकान थाटलं. इकडे 1966 मध्येच पुण्याजवळ मुंढव्याला कल्याणी घराण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात उत्पादन सुरू झालं. एका घराण्याने पुढे मोटारी आणि त्यांचे सुटे भाग विकून साम्राज्य उभं केलं, दुसऱ्याने ते भाग घडवून. दोन्ही घराणी व्यापारी, दोन्हींची सुरुवात जवळपास एकाच वेळची. मग वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या?

‘ओमानी माणूस व्यापारीच, कारखाना चालवणं त्याच्या स्वभावात नाही’ असं आखातात राहून आलेली मंडळी सहज बोलून जातात. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते खोडून काढायला बहवानांचं सूर गावच पुरेसं आहे. मलबारच्या सागवानातून मोठमोठी गलबतं बांधणारे सुतार या गावात पिढ्यान् पिढ्या होते. ‘फतह अल खैर’ हे 1951 मध्ये तिथे बांधलेलं घंजा जातीचं गलबत आजही सूरमध्ये जपून ठेवलं आहे. ज्या किनाऱ्यावर असं जहाज उभं राहतं, तिथल्या माणसाला घडवणं जमत नाही असं कोण म्हणेल? बहवानांचं घराणंही दर्यावर्दी. त्यांची गलबतं माल घेऊन ओमान आणि हिंदुस्थानाच्या किनाऱ्यांमध्ये ये-जा करत.

खरी अडचण रस्त्याची होती. सुलतान सईद बिन तैमूर यांच्या राज्यात मोटार आणायची तर खुद्द सुलतानांची परवानगी लागे. हा माणूस मोठा विलक्षण. शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात झालेलं. वडील सुलतान तैमूर 1932 मध्ये गादी सोडून निघाले आणि 1965 मध्ये मुंबईत वारले. 1955 च्या डिसेंबरात सईद यांनी सलालाहून वाळवंट तुडवत, ट्रकांच्या ताफ्यासह, आपल्याच राज्याच्या अंतर्भागात प्रवास केला. सोबत ‘टाइम्स’चा बातमीदार जेम्स मॉरिस होता, त्याने पुढे या प्रवासावर पुस्तक लिहिलं. म्हणजे मोटार काय करू शकते हे सुलतानांनी स्वतः अनुभवलं होतं. तरीही 1958 नंतर ते सलालात जाऊन बसले ते मस्कतला परत आलेच नाहीत, आणि प्रजेच्या मोटारींचे अर्ज तिथूनच निकालात निघत राहिले. 1967 मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली, पण 1970 मध्ये देशात पक्का रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर. मोटारीच नाहीत तिथे मोटारींचे भाग कोण घडवणार?

23 जुलै 1970 ला मुलाने, काबूसने, सत्ता घेतली आणि पुढची काही वर्षं सगळा देशच बांधकामाला लागला. 1974 मध्ये मत्रहचं नवं बंदर सुरू झालं. सैको आणि तोशिबाचा माल विकून हात बसलेल्या बहवानांना 1975 मध्ये टोयोटाची एजन्सी मिळाली. कोरडी नदीपात्रं, डोंगर, वाळू या सगळ्यांतून जाणारी लँड क्रूझर आणि नवे रस्ते करणारं सरकार यांची गाठ पडली आणि दुकानाचं साम्राज्य झालं.

दोन वर्षांनी एक कागद आला. ओमानच्या व्यापारी इतिहासात त्याच्याइतका महत्त्वाचा कागद क्वचितच असेल: 1977 चा 26 क्रमांकाचा शाही हुकूम, अर्थात व्यापारी एजन्सींचा कायदा. परदेशी कंपनीला माल विकायचा तर ओमानी एजंट हवा, त्याची सरकारदरबारी नोंद हवी, आणि सबळ कारणाशिवाय एजन्सी काढून घेतली तर नुकसानभरपाई द्यायला हवी. या हुकमाने एजन्सी ही शेतजमिनीसारखी घराण्याची मिळकत झाली. मोटार एकदा विकली जाते. तिचे फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट पुढे पंधरा वर्षं विकत राहता येतात. इतकं सुरक्षित उत्पन्न हातात असताना भट्टी पेटवायचा धोका कुणी का पत्करावा?

भारतात नेमकं उलट घडलं. 1950 च्या दशकात सरकारने सांगितलं की मोटारी नुसत्या जोडू नका, इथेच बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतलं जोडणीचं काम गुंडाळलं. आयातीचं दार बंद झाल्याने ट्रक बनवणाऱ्यांना प्रत्येक भाग देशातच मिळवावा लागला. कराडच्या व्यापारी घराण्यातले नीळकंठराव कल्याणी 1961 मध्ये फोर्जिंगमध्ये उतरले ते या बंद दारामुळे. व्यापाऱ्याच्या मुलाला कारखानदार बनवलं ते लायसन्स राजने. या राजवटीला कितीही शिव्या घातल्या तरी एवढं श्रेय तिला द्यावंच लागेल.

क्रँकशाफ्ट घडताना पाहिला तर फोर्जिंगची मेहनत कळते. पोलादाचा दांडा साडेबाराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात. पिवळसर, झगझगता होऊन तो बाहेर येतो, डायमध्ये पडतो, दाब बसतो आणि कडेने जादा लोखंड फ्लॅश होऊन निघतं. ते छाटायचं, उष्णतेची प्रक्रिया करायची, मग मशीनिंग. हातोड्यांच्या जमान्यात हे काम म्हणजे अंगमेहनत आणि कान फोडणारा आवाज. नीळकंठरावांचे चिरंजीव बाबा कल्याणी एमआयटीतून शिकून 1972 मध्ये आले. त्यांनी 1990 च्या सुमारास सोळा हजार टनांची स्वयंचलित प्रेस बसवली आणि हातोड्याच्या जागी संगणकापुढे इंजिनिअर बसवले. त्या आकाराच्या कंपनीसाठी हा जुगारच होता. 2004 मध्ये याच घराण्याने जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही 1839 पासूनची फोर्जिंग कंपनी विकत घेतली.

मस्कतच्या वादी कबीरमध्ये मात्र चित्र वेगळं. गॅरेजं आणि स्पेअर पार्टच्या दुकानांच्या रांगा. काउंटरवर बहुधा मलयाळी माणूस. हिंदी, अरबी, मल्याळम यांची सरमिसळ करत तो आधी चॅसिस नंबर विचारतो. मग एकाच भागाच्या किमती सुरू होतात: कंपनीचा जेन्युइन, दुसऱ्या डब्यातला तसाच माल, डुप्लिकेट, आणि शारजाच्या भंगार बाजारातून आलेला वापरलेला. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बॅटरीने दोन उन्हाळे काढले तरी पुष्कळ. एसीचा कॉम्प्रेसर, रबरी होज, टायर यांचंही तेच. या उन्हावर एक मोठा धंदा उभा आहे. त्यात ओमानी कारखान्याचा वाटा लहान असला तरी आहे: रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत रीम ही कंपनी मोटारींच्या बॅटऱ्या बनवते. ज्या भागाला तिथलं ऊन सर्वांत लवकर खातं, तोच भाग तिथे बनू लागला, हे लक्षात घ्यायला हवं.

घराणं म्हटलं की वाटण्या आल्या. बहवान बंधू 2002 मध्ये वेगळे झाले. टोयोटा सौद यांच्याकडे राहिली. सुहैल यांच्या घराण्याने पुढे निस्सान विकायला घेतली, म्हणजे एका दुकानातून निघालेले दोन भाऊ एकाच रस्त्यावर स्पर्धक झाले. सौद 2008 मध्ये वारले. कल्याणींकडे हिकल या कंपनीच्या शेअर्सवरून बहीण-भावातला वाद 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. तिथे हक्क ठरायचा तो 1990 च्या दशकातल्या कौटुंबिक समझोत्यावरून.

1977 चा हुकूम 1996 आणि 2014 च्या दुरुस्त्यांनी बराच सैल झाला. 2014 मध्येच मत्रहच्या बंदरातली मालवाहतूक सोहारला हलली. दुक्मला कतारच्या भागीदारीत कर्वा मोटर्सचा बस जोडणीचा कारखाना उभा राहिला. पण जोडणीतून कारखानदारी आपोआप उगवत नाही, हे भारताने 1950 च्या दशकातच पाहिलं. ओमानला खरंच मोटार उद्योग हवा असेल तर सुरुवात बसपासून नको, उन्हात सर्वांत लवकर मरणाऱ्या भागांपासून व्हायला हवी: बॅटरी, रेडिएटर, होज, फिल्टर. गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि बहवानांसारख्या घराण्यांकडे कोणता भाग किती विकला जातो याचा पन्नास वर्षांचा हिशेब आहे.

या हिशेबाची दुसरी बाजू मराठी घरांमध्येही असणार. 1970 नंतर महाराष्ट्रातून फिटर, मेकॅनिक, स्टोअरकीपर, हिशेबनीस मस्कतला गेले. कुणाच्या माळ्यावर त्या काळातले पार्ट कॅटलॉग, बिलबुकं, स्टॉकची रजिस्टरं पडली असतील, तर ती रद्दीत घालू नका. कुठल्या वर्षी, कोणता भाग, कुठून आला, एवढं लिहून त्यांच्यासोबत ठेवा. या व्यापाराचा इतिहास अजून कुणी नीट लिहिलेला नाही, आणि तो लिहिला जाईल तो या वह्यांवरूनच.