निवृत्तिवेतनाचा प्रश्न : दार कोणाचे ठोठवावे?

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर शहराचे रेल्वे स्थानक ज्या लालबाग भागात आहे, तेथेच ताप्ती मिल उभी आहे. १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्यानंतर ही कापड गिरणी केंद्र सरकारच्या नॅशनल टेक्स्टाईल कॉर्पोरेशनकडे गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत या महामंडळाच्या देशभरातील २३ चालू गिरण्या थांबल्या. त्यांत ताप्ती मिलही होती. त्याच महिन्यात रेल्वेने ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी सवलत बंद केली. साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के अशी ती सवलत होती. लालबागमधील वृद्ध गिरणी कामगाराच्या आयुष्यावर परिणाम करणारे हे दोन्ही निर्णय दिल्लीत झाले. त्याच्याच गल्लीत यंत्रमागावर राबून म्हातारा झालेला शेजारी मात्र भोपाळकडे डोळे लावून बसलेला असतो. ज्येष्ठांच्या हक्कांचा विचार करताना हा भेद आधी समजून घ्यावा लागतो.

हिशेब कसा होतो?

संघटित क्षेत्रातील कामगाराला ‘कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५’ लागू होते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती अमलात आली. मालकाच्या भविष्य निर्वाह निधीतील वाट्यापैकी वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम या योजनेत जाते आणि केंद्र सरकार १.१६ टक्के भर घालते. मात्र ही टक्केवारी पूर्ण वेतनावर मोजली जात नाही. तिला कमाल वेतनमर्यादा आहे. ती आरंभी ५००० रुपये होती, जून २००१ पासून ६५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार रुपये आहे.

निवृत्तिवेतनाचे सूत्र सोपे आहे. निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि ७० ने भागावे. समजा, एखाद्या कामगाराचे पात्र वेतन ६००० रुपये आणि सेवा २० वर्षे आहे. वीस वर्षे पूर्ण केल्याबद्दल त्याला दोन वर्षांची वाढीव सेवा मिळते. तरीही हाती येणारी रक्कम दरमहा सुमारे १८८६ रुपयेच होते. गिरणी बंद पडल्यामुळे अठ्ठावन्न वर्षांची वाट न पाहता कोणी पन्नाशीनंतर निवृत्तिवेतन सुरू केले, तर अलीकडे घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे त्यात चार टक्के कपात होते.

खरा पेच याच्या पुढचा आहे. सरकारी कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन महागाई भत्त्याबरोबर वाढत जाते. या योजनेतील रक्कम महागाईशी जोडलेली नाही. पहिल्या महिन्यात ठरलेला आकडा पुढे तसाच राहतो आणि औषधे, डाळी, गॅस यांचे भाव चढत जातात. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन १००० रुपये ठरले. तेव्हाच्या हजार रुपयांत जे येत असे, ते आज येत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

बुलढाण्याचे उपोषण

बुऱ्हाणपूरला लागून असलेल्या महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नावरील आंदोलनाचे मोठे केंद्र उभे राहिले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीने २४ डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात साखळी उपोषण आरंभले. दरमहा किमान ७५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नी दोघांना वैद्यकीय सुविधा या त्यांच्या प्रमुख मागण्या आहेत. १५ हजार रुपयांच्या वेतनमर्यादेवर पूर्ण ३५ वर्षे सेवा केली, तरी सूत्रानुसार ७५०० रुपयेच मिळतात, ही बाब येथे लक्षात घ्यावी. आजच्या सूत्राने जी रक्कम दीर्घ सेवेअंती मिळते, ती सर्वांना किमान मिळावी, असा या मागणीचा अर्थ होतो. त्यामुळे ती सूत्राच्या चौकटीत बसणारी नाही. तिच्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा लागेल.

सरकारची अडचणही नेमकी हीच आहे. योजनेचा निधी जमा वर्गणीवर चालतो आणि भविष्यातील देणी त्याला पेलणार नाहीत, असे उत्तर दिले जाते. परंतु आजचे किमान १००० रुपयेही केंद्राच्या अर्थसंकल्पी साहाय्यामुळेच दिले जातात. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे, वाद रकमेचा उरला आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान ३००० रुपयांची शिफारस केली होती. तीही पूर्ण अमलात आली नाही.

राज्याचा वाटा

यंत्रमाग कामगार, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या महिला यांच्यापैकी बहुतेक जण भविष्य निर्वाह निधीच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आहे. तीत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वर्षांसाठी दरमहा २०० रुपये आणि ८० वर्षांपुढे ५०० रुपये इतकाच आहे. उरलेला भार राज्याने उचलायचा असतो. मध्य प्रदेशाने सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन २०१९ मध्ये ६०० रुपये केले. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये १५०० रुपये झाली. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना २००० रुपये मिळतात. वय तेच, गरज तीच. राज्याची सीमा ओलांडली की रक्कम बदलते.

गोमंतकीयांनी काय करावे?

वेर्णा वा कुंडई औद्योगिक वसाहतीतून, खाणीतून किंवा हॉटेलांतून निवृत्त झालेल्या गोमंतकीय कामगाराला लालबागच्या गिरणी कामगाराचेच सूत्र लागू आहे. त्यामुळे त्याची मागणी पणजीतील मंत्र्यांपुढे मांडून फार काही साधत नाही. ती केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे आणि भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे जायला हवी. गोव्याचे लोकसभेतील दोन आणि राज्यसभेतील एक असे तीन खासदार हा प्रश्न संसदेत विचारू शकतात. राज्यसभेत नागरिकांची याचिकाही सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीने सादर होऊ शकते.

दयानंद योजनेची रक्कम महागाईनुसार दरवर्षी आढाव्यास यावी, ही मागणी मात्र आमदारांकडे, आणि तीही अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी, मांडली पाहिजे. निवेदनासोबत पासबुकातील नोंदी, सेवेची वर्षे आणि औषधांचा मासिक खर्च जोडला, तर ते बाजूला सारणे कठीण जाते.

आग्रह धरला तर धोरण बदलते, याचे उदाहरण ताजे आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. रुग्णालयाचा खर्च सरकारने मान्य केला, तसा रोजच्या जगण्याचा खर्चही मान्य करावा, एवढीच ज्येष्ठांची अपेक्षा आहे. ती योग्य दारी पोहोचवण्याचे काम मुला-नातवंडांनी हाती घ्यायला हवे. पंच्याहत्तरीच्या माणसाकडे आणखी दहा वर्षे वाट पाहण्याइतका अवधी नसतो.