सुकवलेलं रक्त आणि मणक्यांचा सांधा : पंचवीस वर्षांचा मागोवा

भोपाळच्या साकेत नगरातल्या एम्समध्ये 2012 साली वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. तिथल्या रुग्णालयामुळे आता बैतूल-छिंदवाड्याकडच्या मराठी घरांनाही मोठ्या उपचारांसाठी दरवेळी नागपूर-मुंबई गाठावं लागत नाही. अशा उपचारांपैकी एक म्हणजे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया. ती झाली, की नातेवाईक पहिल्याच भेटीत विचारतात, "हाड कधी जुळणार?" गेली पंचवीस वर्षं संशोधकही रक्तात याचंच उत्तर शोधताहेत.

ही शस्त्रक्रिया जुनी आहे. मणक्याच्या क्षयासाठी 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या हिब्ज आणि अल्बी यांनी ती रूढ केली. स्क्रू आणि सळ्या नंतर आल्या, पण त्यांचं काम तात्पुरतं असतं. दोन मणक्यांमध्ये जिवंत हाड तयार झालं नाही, तर कधी स्क्रू सैल होतात, कधी सळी तुटते. म्हणून रुग्णाच्याच कंबरेचं हाड काढून तिथं भरतात, आणि ती दुसरी जखमही कित्येकांना त्रास देते.

1998 मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात प्लेटलेट्सनी समृद्ध प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, मिसळला आणि हाड लवकर भरल्याचं दाखवलं. प्लेटलेट्सच्या कणांमध्ये वाढीचे घटक साठलेले असतात, ते पेशींना कामाला लावतात. मणक्यांच्या शल्यविशारदांनी ही कल्पना उचलून धरली, पण 2003 च्या एका अभ्यासाने सगळ्यांना भानावर आणलं. नुसत्या कंबरेच्या हाडाने 91 टक्के रुग्णांचे मणके जुळले, प्लेटलेट्सचा अर्क घातलेल्यांचे मात्र 62 टक्केच. 2005 च्या अभ्यासातही फायदा दिसला नाही. त्याच सुमाराला प्रयोगशाळेत बनवलेलं हाडवर्धक प्रथिन बाजारात आलं. ते प्रभावी होतं, पण महाग. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर जीवघेणी सूज आल्याची नोंद झाल्याने 2008 मध्ये अमेरिकी नियामकांनी इशारा दिला.

आशा पुन्हा जागवली ती जपानच्या चिबा विद्यापीठाने. 2016 मध्ये तिथल्या गटाने पीआरपी गोठवून सुकवला आणि त्या पुडीने उंदरांचे मणके लवकर व मजबूत जुळल्याचं दाखवलं. पुढे त्यांच्याच मानवी चाचणीत ताज्या पीआरपीने 94 टक्के रुग्णांचे मणके जुळले, तुलनेच्या गटात 74 टक्के. पण पूड आणि ताजा पीआरपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा निकाल दुसरीच्या खात्यावर लिहिता येत नाही.

तरीही सुकवण्याचा विचार आपल्यासाठी मोलाचा आहे. रक्तपेढीत प्लेटलेट्सची पिवळसर पिशवी 20 ते 24 अंशांवर सतत हलत्या तबकावर ठेवतात. तिचं आयुष्य पाच दिवसांचं. मुदत टळली, की पिशवी बाद. तिच्यातली प्रथिनं सुकवून टिकवता आली, तर दात्याचं दान वाया जाणार नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतीपेढीने 1988 पासून हाडं सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णालयांना पुरवली आहेत. म्हणजे सुकवण्याची विद्या आपल्याकडे आहे. अडचण इतकीच, की जंतू मारणारे किरण नाजूक प्रथिनांनाही इजा करतात. शिवाय परक्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी व सी, गरमी आणि मलेरियाची तपासणी सुकवल्यावरही चुकत नाही.

या पंचवीस वर्षांनी मला एक गोष्ट पटवून दिली. रक्त हाडाला मदत करतं, हाडाची जागा घेत नाही. तंबाखू आणि बेताबाहेरची साखर तशीच राहिली, तर कुठलीही पूड पुरी पडणार नाही. ही पूड आपल्या रुग्णांना सर्रास देण्याआधी आपल्याच रुग्णालयांत चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करावेत, एकालाच पूड द्यावी, वर्षभराने सीटी स्कॅनवर सांधा तपासावा आणि निकाल उलटा आला तरी तो छापावा. मणका उघडून देणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहेच.