अणुगर्भाचे गणित : दरीचा तळ आणि खिंड

पेणच्या कार्यशाळांत मूर्तिकार शाडूच्या मातीला आकार देतो. न जमल्यास माती पुन्हा दाबतो. अणुकेंद्रकाचे समीकरण अचूक सुटत नाही, तेव्हा शास्त्रज्ञही असेच करतात. अंदाजाने एक तरंगफलन मांडायचे आणि त्यातील आकडे बदलत सर्वांत कमी ऊर्जा शोधायची. हीच विचरण पद्धती.

प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या बंधातून बनलेला ड्यूटेरॉन फोडण्यास सुमारे २.२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. अशा बद्धावस्थेच्या गणितात अंदाज कितीही चुकला, तरी उत्तर खऱ्या किमान ऊर्जेच्या खाली जात नाही. रोह्याच्या खोऱ्यात कुठेही उभे राहिले, तरी कुंडलिकेच्या तळाखाली पाय जात नाही, तसेच हे.

प्रकीर्णनात, म्हणजे कण केंद्रकावर आदळून विखुरतो तेव्हा, हा दिलासा नसतो. वॉल्टर कोन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत उत्तराची जागा सह्याद्रीतल्या खिंडीसारखी असते : एका दिशेला चढ, दुसरीकडे उतार. त्यामुळे चूक वर झाली की खाली, हे कळत नाही. काही ऊर्जांना उत्तर अवास्तव उसळते, हे चार्ल्स श्वार्ट्झ यांनी १९६१ मध्ये दाखवले. अणुभट्टीच्या रचनेत न्यूट्रॉनच्या प्रकीर्णनाचे आकडे लागतात. म्हणूनच असे उत्तर दुसऱ्या पद्धतीने आणि प्रयोगाने पडताळूनच स्वीकारावे लागते.