जिथे पाण्याचं मूळ विचारतात

लॉस एंजेलिसहून दक्षिणेला निघालं की ऑरेंज काउंटी लागते. डिस्नेलँड इथलंच, आणि लाटांवर स्वार होणाऱ्यांची पंढरी असलेला हंटिंग्टन बीचही इथलाच. त्याला लागूनच, सांता आना नदीच्या काठावर फाउंटन व्हॅली नावाचं शहर आहे. पर्यटकांच्या यादीत ते सहसा नसतं. पाण्याच्या क्षेत्रात काम करणारी माणसं मात्र जगभरातून इथे येतात, कारण सांडपाणी पिण्याच्या दर्जाचं करून पुन्हा वापरात आणणारं जगातलं सर्वांत मोठं केंद्र इथे आहे. त्याची क्षमता दिवसाला १३ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ४९ कोटी लिटर आहे. साधारण दहा लाख माणसांची गरज त्यातून भागते.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. फाउंटन व्हॅलीचं सारं यश नेमकं उलट वागण्यात आहे. इथे पाण्याचं मूळ लपवत नाहीत, पाहुण्यांना ते आधी दाखवतात. पाण्यात काही वावगं सापडलं तर गटारातून माग काढत ज्याने ते टाकलं त्याच्या दारापर्यंत जातात. यंत्रं पैसे मोजून कुणालाही आणता येतील. ही सवय मात्र विकत मिळत नाही, आणि खरं पाहण्यासारखं इथे तेच आहे.

समुद्र जमिनीखालून आला

शहराचं नाव जुन्या सुबत्तेची आठवण आहे. एके काळी इथे जमिनीत भोक पाडलं की पाणी आपसूक उसळून वर येई. पाऊस बेताचाच, पण पोटात पाण्याचा मोठा साठा. त्याच्या जिवावर शेती आणि संत्र्याच्या बागा फुलल्या. पुढे माणसं वाढली, पंप वाढले आणि उपसा भरणीच्या पुढे गेला. भूजलाची देखभाल करण्यासाठी १९३३ मध्ये ऑरेंज काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट ही संस्था कायद्याने स्थापन झाली, तरी पातळी घसरतच राहिली. ती समुद्रसपाटीच्याही खाली गेली, तेव्हा समुद्राने जमिनीखालून वाट काढली. १९५६ पर्यंत खारं पाणी सुमारे आठ किलोमीटर आत शिरलं होतं.

ते शिरलं टॅल्बर्ट गॅपमधून. ही दोन पठारांमधली वाळू-गोट्यांनी भरलेली जुनी नदीची वाट. ती बुजवणं शक्य नव्हतं. मग उपाय निघाला पाण्याचाच बांध घालण्याचा. ओळीने विहिरी खोदायच्या, त्यांतून गोडं पाणी दाबाने खाली सोडायचं आणि जमिनीखाली असा उंचवटा उभा करायचा, की खाऱ्या पाण्याला तो ओलांडता येऊ नये. पण बांधासाठी रोज लागणारं गोडं पाणी आणायचं कुठून? कोलोरॅडो नदीचं आणि उत्तर कॅलिफोर्नियाचं पाणी शेकडो किलोमीटरवरून यायचं. ते महाग होतं, आणि दुष्काळात मिळेलच याची खात्री नव्हती.

शेजारच्या मैलापाणी केंद्रातून मात्र पाण्याचा मोठा ओघ रोज समुद्राकडे जात होता. तोच वळवून १९७६ मध्ये ‘वॉटर फॅक्टरी २१’ या केंद्राने बांधाच्या २३ विहिरींत पाणी सोडायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी तिथे रिव्हर्स ऑस्मोसिसची, म्हणजे आता आपल्या स्वयंपाकघरात ओळखीच्या झालेल्या ‘आरओ’ची जोड मिळाली. सांडपाणी पिण्याच्या दर्जाचं करण्यासाठी आरओ वापरण्याचा जगातला हा पहिला प्रयोग.

आजचं केंद्र उभं राहिलं ते दोन संस्थांच्या दोन अडचणींतून. १९९०च्या दशकात जलसंस्थेला बांधासाठी आणखी पाणी हवं होतं. मैलापाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या सॅनिटेशन डिस्ट्रिक्टला समुद्रात आठ किलोमीटर गेलेली आपली मोठी नळवाहिनी पुढे अपुरी पडेल, ही चिंता होती. नवी वाहिनी टाकायची तर खर्च अवाढव्य. त्यापेक्षा तोच पैसा पाणी शुद्ध करण्यात घालावा, असं ठरलं. एकाला जे टाकायचं होतं तेच दुसऱ्याला हवं होतं. सुमारे ४८ कोटी डॉलर खर्चून जानेवारी २००८ मध्ये केंद्र सुरू झालं, तेव्हा क्षमता होती दिवसाला सात कोटी गॅलन. २०१५ मध्ये ती दहा कोटी झाली आणि २०२३ मध्ये तेरा कोटी.

तीन चाळण्या आणि थोडा चुना

केंद्रात येणारं पाणी कच्चं मैलापाणी नसतं. शेजारच्या केंद्रात गाळ बसवून, जिवाणूंकडून घाण खाववून ते आधीच समुद्रात सोडण्याइतकं स्वच्छ केलेलं असतं. रंग फिकट पिवळसर. एक गंमत अशी, की गाव झोपलं की सांडपाणीही कमी येतं. आरओला मात्र एकसारखा ओघ लागतो. त्यासाठी प्रचंड टाक्या बांधल्या आहेत. दिवसाचं जास्तीचं पाणी त्यांत साठतं आणि रात्री कामाला येतं.

पहिली चाळणी सूक्ष्मगाळणीची. हौदांमध्ये दोऱ्यासारख्या बारीक, पोकळ तंतूंचे जुडगे बुडवलेले असतात. तंतूंच्या भिंतींवरची छिद्रं ०.२ मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तीनशेव्या भागाएवढी. पाणी तंतूच्या आत ओढून घेतलं जातं. गाळ, परजीवी आणि जवळपास सारे जिवाणू बाहेर अडकतात. मधूनमधून हवेच्या झोताने तंतू झटकले जातात.

दुसरी चाळणी आरओची. पाहुणे सर्वांत जास्त रेंगाळतात ते याच इमारतीत. मोठ्या दालनात पांढरी नळकांडी आडवी रचून ठेवलेली, थरावर थर. एका संचात दीडशे नळकांडी आणि प्रत्येक नळकांड्यात सात पटलं, म्हणजे एका संचात हजाराहून जास्त पटलं. गुंडाळलेल्या कागदाच्या भेंडोळीसारखं एकेक पटल मीटरभर लांब असतं. त्यातून पाणी दाबाने रेटलं, की क्षार, विषाणू, औषधांचे अंश मागे राहतात आणि पलीकडे जवळपास निव्वळ पाणी येतं. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असतात, बाहेर पडताना ते शंभराच्या आत येतात. घरच्या आरओत निम्म्याहून जास्त पाणी मोरीत वाहून जातं. इथे शंभरातलं ८५ लिटर हाती लागतं.

तिसऱ्या टप्प्यावर पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ते अतिनील किरणांच्या दिव्यांखालून नेतात. आरओतूनही निसटतील असे काही अगदी लहान रेणू इथे मोडतात.

एवढं झाल्यावर पाणी इतकं निव्वळ होतं, की तसंच सोडलं तर वाटेतल्या सिमेंटच्या नळवाहिनीलाच ते खाऊ लागेल. म्हणून शेवटी त्यातला कार्बन डायऑक्साइड उडवून देतात आणि चुना मिसळतात. सारं काही काढून झाल्यावर थोडं परत घालावं लागतं.

तयार झालेल्या पाण्यातला एक भाग समुद्र अडवणाऱ्या विहिरींत जातो. बराचसा भाग २१ किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीतून नदीकाठाने अनाहाइमला पोहोचतो. तिथे मोठ्या पाझर तलावांमधून ते वाळूत मुरतं, भूजलात मिसळतं आणि यथावकाश शहरांच्या कूपनलिकांमधून वर येतं. काउंटीच्या उत्तर आणि मध्य भागातले सुमारे २५ लाख लोक या भूजलावर अवलंबून आहेत.

गटारापर्यंत माग

नवं शतक उजाडताना प्रयोगशाळेला पाण्यात दोन नकोशी रसायनं सापडली, एनडीएमए आणि १,४-डायऑक्सेन. दोन्हींचे रेणू इतके लहान, की आरओ त्यांना पूर्ण अडवू शकत नव्हतं. अतिनील किरण आणि पेरॉक्साइडची जोडी आज इथे आहे, त्यामागे या रेणूंचा मोठा वाटा आहे. पण संस्था तेवढ्यावर थांबल्या नाहीत. डायऑक्सेनचा शोध घेत गटारांमधून मागे जाता जाता एका कारखान्याशी धागा जुळला आणि कारखान्याने ते सोडणं बंद केलं. जे गटारात पडलंच नाही ते गाळावंही लागत नाही. म्हणून कारखान्यांच्या सांडपाण्याचे परवाने, तपासण्या आणि घरोघरी ‘उरलेली औषधं संडासात ओतू नका’ ही विनवणी, हेसुद्धा शुद्धीकरणाचेच भाग मानले जातात.

याच्या शेजारी नदीची गोष्ट ठेवून पाहावी. सांता आना नदीला पाऊस नसताना जो प्रवाह असतो, त्यातला बराचसा वरच्या अंगाच्या शहरांनी प्रक्रिया करून सोडलेलं सांडपाणीच असतो. पिढ्यान्‌पिढ्या ते भूजलात मुरतंय आणि लोक पितायत. नदी म्हटल्यावर कुणी विचारलं नाही. २०२० मध्ये पीएफएएस या चिवट रसायनांमुळे काउंटीतल्या डझनावारी कूपनलिका बंद ठेवाव्या लागल्या, त्यामागे हे नदीचं पाणीही होतं. आरओतून गेलेलं सांडपाणी मात्र या रसायनांपासून मुक्त होतं. मूळ विचारलेलं पाणी न विचारलेल्या पाण्यापेक्षा शुद्ध निघालं.

लोकांच्या गळी कसं उतरलं?

तंत्रज्ञान इतर ठिकाणीही होतं. लॉस एंजेलिसने असाच प्रकल्प उभारला होता, पण ‘संडासातून थेट नळात’ या एका घोषणेने २००० मध्ये तो गाडला गेला. ऑरेंज काउंटीने हा धोका ओळखला होता. पहिला थेंब निघायच्या दहा वर्षं आधीपासून तिथली माणसं गावोगावच्या मंडळांत, डॉक्टरांच्या संघटनांत, व्हिएतनामी आणि लॅटिनो वस्त्यांत जाऊन बोलत होती. पाणी कुठून येणार हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, असा शिरस्ता होता. पाण्यावर देखरेख करायला बाहेरच्या तज्ज्ञांचं स्वतंत्र मंडळ नेमलं. केंद्र दाखवणं हा कामाचाच भाग ठरवला आणि फेरीच्या शेवटी पाहुण्यांच्या हाती पेला देण्याची प्रथा पाडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये २४ तासांत दहा कोटी गॅलनहून जास्त सांडपाणी पिण्यायोग्य करण्याचा गिनीज विक्रमही इथे झाला. त्याआधी २०१४ मध्ये सिंगापूरचा ली क्वान यू जलपुरस्कार संस्थेला मिळाला होता. सिंगापूरने स्वतःची ‘न्यूवॉटर’ योजना आखताना याच ठिकाणचा धडा गिरवला होता.

सारं आलबेल आहे असं नाही. आरओत मागे राहिलेलं क्षारयुक्त पाणी शेवटी समुद्रातच सोडावं लागतं. विजेचा खर्च मोठा आहे. उत्तर कॅलिफोर्नियाहून पाणी आणण्याच्या निम्म्या आणि समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या एकतृतीयांश विजेत काम होतं, असा संस्थेचा हिशेब आहे. दुष्काळात लोकांनी काटकसर केली, की सांडपाणीही कमी येतं. आता तर पुन्हा वापरता येण्याजोगं सारं सांडपाणी केंद्र घेतं, त्यामुळे वाढायला जागा उरलेली नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून असं पाणी जमिनीत न मुरवता थेट नळाला देण्याचे नियमही लागू केले आहेत. फाउंटन व्हॅलीची भिस्त मात्र अजून जमिनीवरच आहे.

आपल्याकडे नागपूरच्या भांडेवाडीतलं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं आणि तेवढं नदीचं पाणी पिण्यासाठी वाचतं. पिण्यापर्यंतचा पल्ला अजून लांब आहे. तो गाठायचा तर पटलं आयात करण्याआधी कोणता कारखाना गटारात काय सोडतो, याची नोंद लागेल आणि ती नोंद नागरिकांना दाखवण्याची तयारी लागेल.

अर्वाइन किंवा अनाहाइमला मुलांकडे गेलेल्या मराठी आईबाबांनी डिस्नेलँडला एक दिवस दिलाच, तर वॉर्ड स्ट्रीटवरच्या या केंद्रालाही अर्धा दिवस द्यावा. फेरी विनामूल्य असते, मात्र आधी नोंदणी करावी लागते. शेवटचा पेला जरूर प्यावा. आणि मायदेशी परतल्यावर आपल्या नगरपालिकेला किंवा महापालिकेला लेखी विचारावं, की आमच्या मोरीतून गेलेलं पाणी नेमकं कुठे जातं?