लहान मुलांसोबत थीम पार्क: एका दिवसात किती राईड होतात? रांगेचं गणित समजून घ्या

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या वरठीत एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, लेकरांना इमॅजिकाले न्यायचं आहे. एका दिवसात सगळं होते का?" घरात आणि शेजारात ऑनलाइन तिकिटं काढून देणारा मीच असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: होत नाही, आणि तीन ते आठ वर्षांची मुलं सोबत असतील तर तसा प्रयत्नही करू नका.

का होत नाही, ते साध्या गणिताने समजतं. ते गणित, त्यासाठी मोबाइलवर काय वापरायचं आणि दिवस कसा आखायचा, हे या लेखात बघूया. उदाहरण इमॅजिकाचं घेतलंय, कारण आपल्याकडची बहुतेक मंडळी तिथेच जातात. पण हेच गणित कुठल्याही पार्कला लागू होतं.

आधी थोडी माहिती

इमॅजिका रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. एप्रिल २०१३ मध्ये ते सुरू झालं. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क असे तीन वेगळे भाग आहेत आणि त्यांची तिकिटंही वेगळी असतात. वेबसाइटवर तिन्ही एकदम दिसतात, म्हणून "एवढ्या लांब जातोच आहोत तर सगळंच करू" असा मोह होतो. तिथेच थांबा आणि पुढचा हिशोब करा.

रांगेचं गणित

रांगांचा अभ्यास ही गणिताची एक स्वतंत्र शाखा आहे. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम तिथे फार उपयोगी पडतो. आपल्या भाषेत तो असा:

थांबायचा वेळ = रांगेतली माणसं ÷ दर मिनिटाला राईडवर चढणारी माणसं

समजा एका राईडमध्ये २० जण बसतात आणि ती दर ३ मिनिटांनी सुटते. म्हणजे मिनिटाला साधारण ७ माणसं पुढे सरकतात. तुमच्या पुढे २०० जण असतील तर अर्धा तास लागणार. यासाठी ॲपची गरज नाही. रांगेच्या तोंडाशी उभं राहून दोन फेऱ्या बघा, माणसं अंदाजे मोजा, आणि मगच आत शिरायचं का ते ठरवा.

आता पूर्ण दिवस मांडू. पार्कात ८ तास मिळाले, म्हणजे ४८० मिनिटं:

- जेवण: ६० मिनिटं
- पाणी, बाथरूम, कपडे बदलणं: ६० मिनिटं
- एका राईडवरून दुसरीकडे चालत जाणं: ६० मिनिटं
- दुपारची विश्रांती: ९० मिनिटं

यात २७० मिनिटं गेली, उरली २१०. एका राईडला रांग आणि राईड मिळून सरासरी ३० मिनिटं धरली तर होतात सात राईड. बस्स, सात.

विश्रांती काढून टाकली तर किती होतील? दहा. म्हणजे दिवसभर पोरांना न थांबवता फिरवलं तर जास्तीच्या फक्त तीन राईड पदरात पडतात. त्याबदल्यात दुपारनंतर रडारड, चिडचिड आणि कडेवर झोपलेलं लेकरू. माझ्या मते या तीन राईडचा सौदा महाग आहे. "पैसा वसूल" हे राईड मोजून ठरवायचं की मुलाला घरी आल्यावर काय आठवतं त्यावरून, हे आधीच घरात बोलून घ्या.

रांगेचा वेळ ॲपला कसा कळतो?

मोठ्या परदेशी पार्कांच्या ॲपवर प्रत्येक राईडचा थांबायचा वेळ दिसतो. डिस्नेच्या पार्कांत पूर्वी रांगेत शिरणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या हातात एक कार्ड द्यायचे. त्याने ते राईडजवळच्या कर्मचाऱ्याला दिलं की किती वेळ लागला ते नोंदवलं जायचं. पुढे मनगटावरचे आरएफआयडी पट्टे, माणसं मोजणारे कॅमेरे आणि मोबाइलचे सिग्नल वापरात आले.

आपल्याकडे फुकटात मिळणारा पर्याय म्हणजे गूगल मॅप्स. पार्कचं नाव टाकून खाली गेलात की कोणत्या वारी, कोणत्या तासाला गर्दी असते त्याचे खांब दिसतात. लोकांच्या मोबाइलचं लोकेशन नाव न जोडता एकत्र करून हा अंदाज काढला जातो. एका राईडची रांग त्यात कळत नाही, पण मंगळवार घ्यावा की शनिवार, हे नक्की कळतं.

विदर्भाला इथे एक छुपा फायदा आहे. उन्हामुळे आपल्या शाळा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र शाळा १६ जूनला सुरू झाल्या, विदर्भात २३ जूनला. मुंबई-पुण्याची मुलं वर्गात बसलेली असताना आपल्या मुलांना सुट्टी! त्या आठवड्यातल्या सोमवार ते गुरुवारात गर्दी कमी मिळण्याची शक्यता जास्त. पण पावसाळा सुरू झालेला असतो आणि जोराचा पाऊस किंवा विजा असतील तर उघड्यावरच्या राईड थांबवतात, हेही लक्षात ठेवा.

एक्सप्रेस तिकीट घ्यावं का?

जास्तीचे पैसे भरून वेगळ्या रांगेतून जाण्याची सोय इमॅजिकातही असते. ही कल्पना डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास नावाने आणली. तो पास तेव्हा फुकट होता. एक गोष्ट समजून घ्या: अशा तिकिटाने राईडची क्षमता वाढत नाही. मिनिटाला सातच माणसं चढतात. त्यातल्या काही जागा एक्सप्रेसवाल्यांना गेल्या की साधी रांग तेवढी हळू सरकते.

तुम्ही घ्यावं का? आधी एक्सप्रेसमध्ये येणाऱ्या राईडची यादी काढा आणि त्यातल्या किती राईडवर तुमचं मूल बसू शकतं ते बघा. नायट्रोसारखा मोठा रोलर कोस्टर पाच वर्षांच्या मुलासाठी नाहीच. यादीतल्या निम्म्या राईड बाद होत असतील तर तो पैसा वाचवा.

उंची घरीच मोजा

लहान मुलांच्या बाबतीत वयापेक्षा उंची महत्त्वाची. अनेक पार्कांत तिकिटाचा दरही उंचीवर ठरतो. राईडची उंचीची अट मुलाच्या धिटाईसाठी नसते. मांडीवरचा किंवा खांद्यावरचा सुरक्षा दांडा ठराविक मापाच्या शरीराला घट्ट बसतो, म्हणून ती असते. जाड सोलचे बूट घालून दोन सेंटिमीटर वाढवणं म्हणजे तो दांडा सैल ठेवणं.

घरी भिंतीला लावून अनवाणी मोजा, वेबसाइटवरची अट बघा, आणि मुलाला निघण्याआधीच सांगा: "ही तुझी, ही पुढच्या वेळी." रांगेत अर्धा तास थांबून दारातून परत फिरणं लहान जिवाला फार लागतं. आई-वडिलांना मोठी राईड हवी असेल तर दोघांनी आळीपाळीने जा. दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागेल का, ते दारावरच विचारा. काही पार्कांत अशी अदलाबदल चालते.

आपलं ऊन आणि तिकडचं ऊन

वरठीत मे महिन्यात ४५ अंश सोसलेल्या माणसाला खोपोलीचे ३५ अंश म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण आपली हवा कोरडी असते, तिकडची दमट. फरक समजायचा तर घरातला कूलर आठवा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून कूलर नागपूर-भंडाऱ्यात गार हवा देतो आणि मुंबईत नुसता ओलावा करतो. घामाचंही तसंच आहे. दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. लहान मुलं तर मोठ्यांपेक्षा लवकर तापतात.

म्हणून हवामानाच्या ॲपमध्ये नुसतं तापमान बघू नका. "फील्स लाइक" हा आकडा बघा, त्यात दमटपणा धरलेला असतो. दुपारी हा आकडा चढतो, त्यावेळी मुलांना सावलीत किंवा एसीत ठेवायचं.

दिवस असा लावा

१. पहिले दीड तास: गेट उघडायच्या आधी पोहोचा. मुलांना चालणाऱ्या, पण मोठी रांग लागणाऱ्या दोन-तीन राईड आधी उरका.
२. जेवण लवकर: भूक लागायची वाट बघू नका. सगळ्यांच्या आधी जेवलं की तिथलीही रांग वाचते.
३. जेवणानंतर विश्रांती: सावलीची किंवा एसीची जागा धरा. झोप लागली तर लागू द्या.
४. मग बसून बघायचे खेळ: बंदिस्त शो दुपारी बरा. 'मिस्टर इंडिया'सारखी हलत्या खुर्चीची राईड मात्र भरल्या पोटी नको. डोळे सांगतात आपण उडतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग वेगळंच सांगतो, आणि या गोंधळात मळमळतं.
५. ऊन उतरल्यावर: टबी हत्तीची राईड, मॅजिक कॅरोसेल अशा छोट्या राईड. जी आवडली ती पुन्हा करू द्या. मुलांना नव्या पाच राईडपेक्षा आवडती एकच दोनदा हवी असते.
६. शेवट ठरवून करा: मूल हसत असतानाच निघा.

प्रवासही याच हिशोबात धरा

आपलं स्टेशन वरठीत आहे, पण त्याचं नाव भंडारा रोड. तिथून विदर्भ एक्सप्रेसने कल्याण साधारण ८५० किलोमीटर. दुपारनंतर बसलं की सकाळी उतरायचं. पुढे कर्जतमार्गे लोकल खोपोलीपर्यंत जाते.

तिकीट प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. रात्रीची झोप म्हणजे पुढच्या दोन दिवसांची बॅटरी. 'व्हेअर इज माय ट्रेन' ॲप इंटरनेट नसतानाही मोबाइल टॉवरवरून गाडीचं ठिकाण दाखवतं, आणि त्यातला अलार्म लावला तर कल्याण चुकायची भीती नाही.

उतरल्या दिवशी थेट पार्कात जाऊ नका. त्या दिवशी खोपोली-कर्जत भागात मुक्काम, आराम, लवकर झोप. दुसऱ्या दिवशी पार्क. बजेट बसत नसेल तर वॉटर पार्क किंवा स्नो पार्कचं तिकीट कापा, मुक्कामाची रात्र कापू नका.

हरवू नये म्हणून

ब्लूटूथ टॅगमध्ये जीपीएस नसतं. त्याच नेटवर्कचा कुणाचा तरी मोबाइल जवळून गेला तरच त्याचं ठिकाण कळतं, तेही उशिरा. त्यामुळे टॅग बॅगेला ठीक, मुलासाठी भरवशाचा नाही. सर्वात पक्का उपाय म्हणजे मुलाच्या हातावर बॉलपेनने आपला नंबर लिहिणं. सकाळी त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा एक फोटो काढा, आणि भेटायची एक जागा ठरवा. अर्थात हातावरच्या नंबरचा फोन चालू राहायला हवा, म्हणून पॉवर बँक न्या.

निघण्याआधी करायचं काम

प्रत्येक मुलाला तीनच राईड निवडायला सांगा आणि कागदावर लिहा. दोन मुलं असतील तर सहा झाल्या, सातवी आई-बाबांची. ही यादी पूर्ण झाली की सहल पूर्ण झाली. त्यावर जे मिळेल ते बोनस समजा, आणि राहिलेल्या राईड पुढच्या सहलीला ठेवा. तोवर मुलांची उंचीही वाढलेली असेल.